फाट्यावरचा फ्लेक्स: जवानाच्या मोबाइलमधून एक फोटो कसा सुटला आणि पुढे काय झालं

आमच्या गावच्या फाट्यावर, जिथे पुलगावची एसटी थांबते, तिथे लिंबाच्या झाडाला टेकवलेली एक लोखंडी चौकट आहे. वाढदिवस, निवड, पुण्यस्मरण, सगळ्यांचे फ्लेक्स त्याच चौकटीवर चढतात. कापूस वेचणीच्या दिवसांत, दिवाळीच्या दोन दिवस आधी, तिथे माझ्या पुतण्याचा फ्लेक्स लागला. वर ‘नाईकपदी बढती झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’, खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांची रांग आणि मध्ये तो, वर्दीत, एका गाडीला टेकून उभा.

मी 24 वर्षं फौजेत क्लार्क होतो, हवालदार म्हणून घरी आलो. त्यातली बरीच वर्षं शिस्तीचे कागद माझ्या टेबलावरून गेले: कोर्ट ऑफ इन्क्वायरीची प्रोसिडिंग, चार्जशीट, पार्ट टू ऑर्डर. त्यामुळे त्या फ्लेक्समध्ये पुतण्याचा चेहरा मला सगळ्यात शेवटी दिसला. आधी गाडीचा नंबर दिसला, मग बंपरवरची खूण, मग मागे जाळीखाली झाकलेली वस्तू आणि तिच्याही मागे डोंगराचा कडा. माझ्या हातात बाजाराची पिशवी होती. ती तिथेच झाडाखाली ठेवून मी फ्लेक्सच्या दोऱ्या सोडायला लागलो.

पुढचं सगळं मी जवानांच्या घरच्यांसाठी लिहितो आहे. युनिट, ठाणं, गाडीचा प्रकार आणि माणसांची नावं मुद्दाम देत नाही.

फोटो कुणी दिला

पुतण्या सुट्टीवर घरीच होता. त्याला वावरातून बोलावून घेतलं.

“हा फोटो कोणाले देल्ला तू?”

“मोठेबाबा, मी कोणालेच नाही देल्ला. आईची आन.”

तो खरं बोलत होता, हे कळायला मला रात्रीचे नऊ वाजले. फोटो त्याने काढला होता, आणि चूक तिथेच झाली होती. जिथे कॅमेऱ्याचा फोन काढायला मनाई, तिथे सोबत्याच्या हातात आपला फोन देऊन त्याने तो काढून घेतला. पण तो त्याने कुणालाही पाठवला नव्हता. “बढतीची आठवण म्हणून माझ्यापाशी ठेवला,” एवढंच तो म्हणत होता.

मी वहीचं पान घेतलं आणि उलट्या बाजूने चालत गेलो. फ्लेक्स छापला तालुक्याच्या दुकानाने. दुकानदाराला फोटो दिला माझ्याच धाकट्या मुलाने. त्याला तो सापडला माझ्या भावजयीच्या फोनमध्ये. आणि भावजयीचा फोन म्हणजे पुतण्याचाच जुना फोन. नवीन घेतल्यावर जुना आईला दिला, सिमकार्ड बदललं, पण आतलं गुगल खातं त्याचंच राहिलं. फोटोंचा आपोआप होणारा बॅकअपही चालूच राहिला. म्हणजे तिकडे हजारो किलोमीटरवर तो ज्या दिवशी फोटो काढायचा, त्याला नेट मिळालं की तो फोटो इकडे चुलीपाशी ठेवलेल्या फोनमध्ये येऊन बसायचा. माउलीला वाटायचं, लेकरू रोज आपल्याला फोटो पाठवते. ती ते रोज संध्याकाळी पाहायची आणि त्याला फोनवर सांगायचीही, “वाळला रे तू.” तिला कसं माहीत, हे त्याने कधी विचारलं नाही.

माझ्या मुलाने त्यातला सगळ्यात भारी दिसणारा फोटो निवडला. फ्लेक्सवाला म्हणाला, व्हॉट्सअॅपवर फोटो फाटते, मोठा होत नाही, डॉक्युमेंट करून टाक. पोराने डॉक्युमेंट करून टाकला. मग तीच फाइल मंडळाच्या ग्रुपवर टाकली, बाकीच्यांना स्टेटस ठेवता यावा म्हणून.

या एका शब्दावर, ‘डॉक्युमेंट’वर, मला थांबायला हवं. मोबाइलने फोटो काढला की चित्रासोबत आणखी माहिती साठते: तारीख, वेळ, फोनचं मॉडेल आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांश. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो आणि ही माहिती गळून पडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला की मूळ फाइल जशीच्या तशी जाते, सगळ्या माहितीसकट. मी मुलाच्या फोनमध्ये त्या फाइलचा तपशील उघडला. नकाशा उघडला आणि त्यावर टाचणी. पुतण्या कुठे आहे हे त्याने आम्हाला कधी सांगितलं नव्हतं, ‘वर आहे’ एवढंच आमच्या घरात माहीत होतं. आणि ते ठिकाण मंडळाच्या 60-70 पोरांच्या खिशात पोचलं होतं, दुकानाच्या कॉम्प्युटरवरही होतं.

लोकेशनची गोष्ट किरकोळ वाटत असेल तर 2018 सालचं स्ट्राव्हा प्रकरण आठवावं. धावणाऱ्या-सायकल चालवणाऱ्यांच्या या अॅपने लोकांच्या वाटांचा जगाचा नकाशा उघडपणे टाकला होता. त्यात एका ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याला ओसाड मुलखातही उजळ रेघा दिसल्या. त्या परदेशी लष्करी तळांवर रोज व्यायामाला धावणाऱ्या सैनिकांच्या वाटा होत्या. त्या सैनिकांनी कुणाला काही सांगितलं नव्हतं. मनगटावरच्या घड्याळाने सांगितलं होतं.

अनोळखी ‘ताई’

मुलाने फ्लेक्ससमोर उभं राहून काढलेला फोटो इन्स्टाग्रामवरही टाकला होता. खातं उघडं होतं. त्यावर एका मुलीच्या नावाच्या खात्याने हिंदीत कौतुक केलं, मग इनबॉक्समध्ये आली. आपलाही भाऊ फौजेत आहे, म्हणाली. ‘भैया की पोस्टिंग किधर है’, ‘छुट्टी कब तक है’. पोराने दोन्हींची उत्तरं दिली. पोस्टिंगला राज्याचं नाव सांगितलं, सुट्टीला तारीख. तिसरा मेसेज होता, ‘बॅनरवाला ओरिजिनल फोटो भेजो ना, स्टेटस पे लगाना है’. त्याला उत्तर दिलेलं नव्हतं, कारण तेवढ्यात मी फ्लेक्स काढल्याचा गावात गलका झाला होता.

ती खरोखर कुणा जवानाची बहीणही असेल. पण मी फौजेत जी सिक्युरिटी लेक्चरं ऐकली, त्यात हाच क्रम सांगत: आधी कौतुक, मग नातं, मग सुट्टी, मग फोटो. डिसेंबर 2019 मध्ये नौदलाने जहाजांवर आणि तळांवर स्मार्टफोन बंद केले, फेसबुकवर बंदी घातली, तेही सोशल मीडियावरच्या अशाच ओळखींतून नौसैनिक अडकल्याचं उघड झाल्यावर. जुलै 2020 मध्ये लष्कराने जवानांना 89 अॅप काढून टाकायला सांगितली. त्यात फेसबुक, इन्स्टाग्राम होतंच, ट्रूकॉलर आणि पबजीही होतं. एका अधिकाऱ्याने त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली, ती फेटाळली गेली. घटनेच्या कलम 33 नुसार सैन्यातल्या माणसाच्या मूलभूत हक्कांवर संसद मर्यादा घालू शकते, त्यामुळे हक्कांचा भंग होतो हा त्याचा युक्तिवाद टिकणं अवघडच होतं.

पण ही बंदी पुतण्यावर होती आणि त्याने ती पाळली होती. त्याच्या फोनमध्ये इन्स्टाग्राम नव्हतं. माझ्या मुलाच्या फोनमध्ये होतं.

त्या रात्रीचा वाद

घरात दोन मतं पडली. पुतण्या, माझा भाऊ आणि मुलगा एका बाजूला: सगळं डिलीट करू, ग्रुपवरचा मेसेज सगळ्यांसाठी काढू, फ्लेक्सवाल्याला सांगू, झालं. “कोनाले काय माहीत होते?” भाऊ म्हणाला. त्याचा जीव मुलाच्या नोकरीत अडकला होता आणि मला त्याचा राग आला नाही.

मी म्हणालो, फ्लेक्स खाली आला, ते ठीक. इन्स्टाग्रामवरची पोस्ट सगळ्यांना दिसणार नाही अशी कर, पण पुसू नको. फोनला मात्र कुणी हात लावायचा नाही. कारण साधं आहे. आपण आपल्याकडचं पुसू शकतो, 60 पोरांनी उतरवून घेतलेलं पुसता येत नाही. आणि आपण पुसलेलं उद्या सापडलं की जी निष्काळजी होती, ती लपवाछपवी ठरते. पुरावा म्हणून पुढे येऊ नये यासाठी इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 241 खाली स्वतंत्र गुन्हा आहे. इन्क्वायरीची पानं टाइप करताना मी हे पाहिलेलं आहे: चुकीबद्दल माणूस जेवढा अडकत नाही, तेवढा चुकीनंतरच्या दोन दिवसांमुळे अडकतो.

साडेनऊला पुतण्याने आपल्या युनिटच्या सीनियर जेसीओंना, म्हणजे सुभेदार दर्जाच्या साहेबांना, फोन लावला. माझ्या फोनवरून. तो उभा राहून बोलत होता, समोर साहेब असल्यासारखा. “साहब, मुझसे गलती हुई है।” मग त्याने पानावर लिहिलेलं सगळं वाचून दाखवलं, फोटो कधी काढला इथपासून ‘ताई’च्या तिसऱ्या मेसेजपर्यंत. पलीकडून ओरडणं झालं नाही. तीन सूचना आल्या: आपला फोन एअरप्लेन मोडवर टाकून बंद कर आणि उघडू नको, फाइल कुणाकुणाकडे गेली त्याची यादी कर, आणि परत निघायची तयारी ठेव. दुसऱ्या दिवशी सुट्टी रद्द झाल्याचा निरोप आला. त्याला गाडीचं तिकीट भाऊबीजेच्या सकाळचं मिळालं. बहिणीने त्याला पहाटे चारला ओवाळलं.

फ्लेक्सचं मात्र सांगायला हवं. आमच्याकडे उतरवलेला फ्लेक्स कधी वाया जात नाही. तो कुणाच्या गोठ्यावर चढतो, कुणाच्या कापसाच्या ढिगावर. तोही सकाळीच शेजाऱ्याने मागितला होता. मी तो गुंडाळून माळ्यावर ठेवला आणि माळ्याला कुलूप लावलं.

घरी आलेली माणसं

चौथ्या दिवशी नागपूरकडून साध्या कपड्यातले दोघे आले, सोबत आमचे पोलीस पाटील. गावाला वाटलं, पोराला न्यायला आले. तसं काही नव्हतं. त्यांनी आधी फ्लेक्स ताब्यात घेतला. मग दोन फोन, भावजयीचा आणि मुलाचा. मी ताबा पावती मागितली आणि त्यांनी ती लिहून दिली, फोनच्या आयएमईआय क्रमांकासकट. ही पावती मागायला लाजू नये. ती घरच्यांच्या कामाची असते तशी त्यांच्याही कामाची असते: फोन कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेला याची साखळी तुटली तर पुरावा लंगडा पडतो.

फोनमधली माहिती तपासताना मूळ फोनवर काम करत नाहीत, त्याची हुबेहूब प्रत काढतात आणि दोन्हींची हॅश व्हॅल्यू जुळवतात. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा समजा, एक अक्षर बदललं तरी अंगठा बदलतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालच्या प्रमाणपत्रात ही हॅश लिहावी लागते.

मुलाला त्यांनी तीन तास विचारलं, मला शेजारी बसू दिलं. ‘कुणी सांगितलं म्हणून केलं का’ हा प्रश्न चार वेगळ्या तऱ्हांनी आला. फाइल आणखी कुठे गेली, पैसे कधी आले का, त्या खात्याने एखादी लिंक किंवा अॅप पाठवलं का. अॅपबद्दल ते फार खोदून विचारत होते. मग ते फ्लेक्सच्या दुकानात गेले. तिथे जुन्या सगळ्या फाइली ‘आर्मी’, ‘पोलीस’, ‘सरपंच’ अशा फोल्डरांत साठवलेल्या निघाल्या, म्हणजे तालुक्यातल्या कितीतरी जवानांचे मूळ फोटो. त्या दुकानदाराचा यात काहीही वाईट हेतू नव्हता. गिऱ्हाईक पुढच्या वर्षी परत येते आणि तोच फोटो मागते, म्हणून तो ठेवत होता.

युनिटमध्ये काय झालं

पुतण्या पोचला त्याच दिवशी फोन जमा झाला आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरीचा हुकूम निघाला. नावात कोर्ट आहे, पण ते न्यायालय नाही. आर्मी रूल्स 1954 च्या नियम 177 खाली पुरावा गोळा करायला बसवलेली ती समिती असते. घरच्यांना दोन गोष्टी माहीत हव्यात. एक, ज्याच्या चारित्र्यावर किंवा सैनिकी नावलौकिकावर परिणाम होऊ शकतो, त्याला नियम 180 प्रमाणे पूर्ण वेळ हजर राहायचा, साक्षीदारांना प्रश्न विचारायचा हक्क आहे. दोन, तिथे दिलेला जबाब नियम 182 मुळे पुढे खटल्यात त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. म्हणून तिथे घाबरून अर्धवट बोलण्यात काही राखलं जात नाही.

शिक्षेच्या आधी तिथे दुसरंच काम चालतं, आणि ते मला नेहमी जास्त मोलाचं वाटत आलं: नुकसान किती, हे ठरवणं. फोटोत नेमकं काय दिसतं, ते शत्रूला आधीच माहीत असण्यासारखं आहे की नाही, कोणती खूण बदलावी लागेल, काय हलवावं लागेल. हे सगळं ठरतं गळती कधी कळली यावर. दोन दिवसांत कळली तर हलवायला वेळ मिळतो. त्या कड्याखाली पुतण्याचेच सोबती राहत होते.

मग प्रश्न कलमाचा. दोन वाटा होत्या. एक, ऑफिशियल सिक्रेट्स अॅक्ट 1923. त्याचं कलम 3 हेरगिरीचं, सैन्याशी संबंधित बाबतीत 14 वर्षांपर्यंत कैद. कलम 5 मध्ये गुपित चुकीच्या हाती देणं येतं तसंच ते सांभाळण्यात कसूर करणंही येतं, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. दुसरी वाट आर्मी अॅक्ट 1950 च्या कलम 63 ची, शिस्तभंगाची.

या दोन वाटांमधलं अंतर किती, ते नागपूरकरांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. ब्राह्मोस क्षेपणास्त्राच्या नागपूर प्रकल्पातल्या एका तरुण अभियंत्याला ऑक्टोबर 2018 मध्ये अटक झाली. बनावट महिला खाती, नोकरीचं आमिष, सांगितलेली अॅप उतरवून घेणं आणि स्वतःच्या लॅपटॉपवर गोपनीय फाइली. जून 2024 मध्ये सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली. डिसेंबर 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याला गंभीर आरोपांतून मोकळं केलं, पण गोपनीय माहिती सांभाळण्यातल्या कसुरीचा कलम 5 खालचा भाग कायम ठेवला. ती तीन वर्षं त्याने कधीच भोगून संपवली होती. हेतू नसला तरी स्वतःच्या यंत्रावर ठेवलेली फाइल सोडत नाही, आणि हेतू ठरेपर्यंत सात वर्षं जातात.

पुतण्याच्या बाबतीत समितीने हेतू नाही, पैसा नाही, मूळ फाइल त्या खात्याला गेलेली नाही आणि त्याने स्वतःहून कळवलं, हे नोंदवलं. मनाई असताना फोटो काढणं आणि खातं दुसऱ्याच्या हाती चालू ठेवणं, हा दोष धरला. नियम 22 प्रमाणे कमांडिंग ऑफिसरपुढे सुनावणी झाली आणि आर्मी अॅक्टच्या कलम 63 खाली ‘सिव्हिअर रेप्रिमँड’, म्हणजे कडक ताकीद, मिळाली. कैद नाही, पट्टी गेली नाही, म्हणजे हुद्दा राहिला. पण ही नोंद लाल शाईची, म्हणजे सेवेच्या कागदांत गंभीर धरली जाणारी. पुढच्या बढतीत ती आडवी येते. अशा चार नोंदी झाल्या तर नोकरीवरून काढण्याचा प्रस्ताव येऊ शकतो. तेही आपोआप होत नाही, सर्वोच्च न्यायालयाने त्याआधी चौकशी आवश्यक ठरवली आहे.

भावाला ही शिक्षा जड वाटली. मला ती योग्य वाटते, आणि मी ते त्याच्या तोंडावर सांगितलं. पण माझी एक तक्रार आहे आणि ती मी मनापासून करतो. पुतण्याला दर महिन्याच्या सैनिक संमेलनात मोबाइलबद्दल सांगितलं गेलं होतं, सही घेतली गेली होती. माझ्या भावजयीला कुणी, कधी, एक शब्द सांगितला नव्हता. जवानाचा फोन तपासतात, त्याने घरी दिलेला जुना फोन कुणी तपासत नाही.

पुलगावचा दारूगोळा डेपो आमच्या गावापासून दूर नाही. ‘छायाचित्रण निषिद्ध’चा बोर्ड आम्ही लहानपणापासून पाहतो. 30 मे 2016 ची मध्यरात्र उलटल्यावर तिथे आग लागली, स्फोट झाले, माणसं गेली. तेव्हा आसपासच्या गावांतले लोक लेकरं काखेला मारून बाहेर पडले होते. सैन्याचं गुपित म्हणजे काय, हे आमच्या भागाला कळत नाही असं नाही. पण आमच्या डोक्यात ते भिंतीच्या आत असतं, तारेच्या पलीकडे. चुलीपाशी चार्जिंगला लावलेल्या फोनमध्ये ते असेल, असं कुणाला वाटेल?

त्यानंतर

फोन पाच महिन्यांनी परत आले. भावजयीने तो जुना फोन पुन्हा हातात घेतला नाही. तिला नवीन घेऊन दिला, तिच्याच नावाच्या खात्याचा. रोजचे फोटो बंद झाले याचं तिला वाईट वाटतं आणि ते ती लपवत नाही. पुतण्या आता आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉल करतो, मागे कोरी भिंत असते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवात माझ्या बायकोने पहिल्यांदा विषय काढला. आसपासच्या चार गावांत फौजेतल्या पोरांची जेवढी घरं आहेत, तेवढ्या घरी मी नंतर जाऊन आलो. तीनच कामं करतो: जुन्या फोनमधलं मुलाचं खातं काढणं, कॅमेऱ्याचं लोकेशन बंद करणं, आणि फ्लेक्ससाठी भरतीच्या वेळचा, पांढऱ्या पडद्यासमोर काढलेला फोटो बाजूला काढून ठेवणं. एका घरी आजी म्हणाली, “भाऊ, ह्या फोटोत तं तो लहान दिसते.” मी म्हणालो, तोच लावा.

फ्लेक्सवाल्याने ‘आर्मी’ फोल्डर पुसलं, माझ्यासमोर. पुढच्या वेळी कुणी वर्दीतला फोटो आणला तर मागचं सगळं कापून फक्त चेहरा आणि छाती ठेवतो, असं म्हणाला. ठेवतो की नाही, हे मी फाट्यावरून जाताना पाहतो.

माझ्या मुलाने मला सगळ्यात अवघड प्रश्न विचारला. तो अग्निवीरच्या तयारीत आहे. “बाबा, माझ्या व्हेरिफिकेशनमध्ये हे येईन का?” त्याच्यावर गुन्हा नोंदलेला नाही, साक्षीदार म्हणून जबाब झाला आहे, तेवढंच. मी त्याला सांगितलं, फॉर्मवर विचारलं तर खरं लिही, आणि कुठे काय झालं ते तोंडपाठ ठेव, जसं दादाने त्या रात्री पानावरून वाचलं होतं. ते पान त्याने मागून घेतलं. रोज पहाटे तो फाट्यापर्यंत पळत जातो आणि परत येतो. मोबाइल घरी ठेवतो, वेळ मी घड्याळावर धरतो. सोळाशे मीटरला त्याला अजून बारा सेकंद कमी करायचे आहेत.